लहान गाडी मॉडिफाय करताना: पुढच्या चाकांची ओढ निवडावी की मागच्या चाकांचा रेटा?

जुनी मारुती ८००, झेन, एस्टीम किंवा पद्मिनी घेऊन तिच्यावर मनाजोगते काम करून घ्यावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. बहुतेक जण आधी स्वस्तात मिळालेली गाडी अंगणात आणून उभी करतात आणि फ्रंट-व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना) बरी की रिअर-व्हील ड्राइव्ह (मागच्या चाकांना), हा प्रश्न त्यानंतर विचारतात. क्रम उलटा हवा, कारण गाडी हाती आल्यावर हा निर्णय बदलायचा म्हटला तर सांगाडा कापावा लागतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: शंभर अश्वशक्तीच्या आतल्या हलक्या गाडीत कोणती चाके फिरतात यापेक्षा टायर, डिफरन्शियल (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअररचना) आणि सस्पेन्शन यांना अधिक महत्त्व आहे. ड्राइव्ह कोणतीही निवडा, पण ती कंपनीने मुळात दिलेलीच असू द्या. हे मत कशाच्या आधारावर आहे, ते पुढच्या पायऱ्यांत मांडले आहे.

१. गाडीचा उपयोग कागदावर लिहून काढा

"मजेसाठी" हे उत्तर पुरेसे नाही. गाडी रोज कामावर नेणार आहात का, पावसाळ्यात घाट उतरून कोकणात जाणार आहात का, मातीवरच्या ऑटोक्रॉस शर्यतीला उतरवणार आहात का, की अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीसारख्या ठिकाणी सरळ रेषेत पळवणार आहात, हे स्पष्ट असायला हवे. तिच्यात एरवी किती माणसे बसणार, हेही लिहा. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पुढे गणित मांडू तेव्हा याच एका आकड्याने उत्तर फिरते, हे दिसेल.

दोन उपयोग एकाच गाडीवर लादू नका. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांच्या गरजा वेगळ्या असतात आणि कायद्याच्या नजरेतही त्या वेगळ्या आहेत.

२. पैसे देण्याआधी कायदा समजून घ्या

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे पडतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. तोच प्रकार, तीच कंपनी आणि तीच क्षमता असेल तर गोष्ट सोपी असते. वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवायचे असल्यास काम सुरू करण्यापूर्वी लेखी अर्ज करून लेखी उत्तर मिळवा. गॅरेजवाल्याचे "सगळे करतात, काही होत नाही" हे वाक्य अपघातानंतर विमा कंपनीसमोर चालत नाही.

याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पुढच्या चाकांची गाडी मागच्या चाकांची करणे म्हणजे फ्लोअर कापणे, ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी बोगदा तयार करणे आणि मागचा एक्सेल नव्याने टांगणे. असे रूपांतर रस्त्यावरच्या गाडीत कायदेशीर होईल, अशी आशा धरू नका.

कागदपत्रे पुढीलप्रमाणे जमवा:

– आरसी, आणि तिच्यावरचा चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून घेतल्याची नोंद. क्रमांक पेन्सिलने कागदावर उमटवून घ्या.
– चालू विमा आणि पीयूसी.
– गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असल्यास तिथली एनओसी.
– गाडी १५ वर्षांहून जुनी असल्यास पुनर्नोंदणीचा आणि पर्यावरण कर भरल्याचा पुरावा.
– केलेल्या प्रत्येक बदलाची विमा कंपनीला दिलेली लेखी सूचना आणि तिची पोच.
– शर्यतीत उतरायचे असल्यास एफएमएससीआय या देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचा स्पर्धक परवाना. स्पर्धेच्या वर्गानुसार रोल केज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), बेल्ट, अग्निशामक आणि हेल्मेट यांचे नियम त्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकात पाहून घ्यावेत.

पन्नास वर्षांहून जुनी पद्मिनी किंवा फिएट मिळाली, तर ती विंटेज म्हणून नोंदवण्याची सोय २०२१ पासून आहे. परंतु त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि तिचा नियमित वापर करता येत नाही. अशी गाडी मॉडिफाय करण्याचा विचार मनातून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तशा गाड्या आता फार उरलेल्या नाहीत.

३. बाजारात काय मिळते ते पाहा

पुढच्या चाकांच्या गाड्यांचा तुटवडा नाही. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, १९९३ ची झेन, १९९४ ची एस्टीम, २००५ ची स्विफ्ट या सगळ्या आडव्या इंजिनाच्या आणि पुढच्या चाकांच्या गाड्या. एस्टीम आणि पहिल्या स्विफ्टमधले १२९८ सीसीचे इंजिन एकाच कुळातले असल्याने सुटे भाग आजही मिळतात. हौशी मंडळी झेनमध्ये हेच इंजिन बसवत आली आहेत, कारण वजन झेनचे आणि ताकद एस्टीमची अशी जोडी जमते. चाकणला २०२२ पर्यंत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो हीसुद्धा पुढच्या चाकांचीच, आणि देशातल्या रॅलींमध्ये तिने चांगलेच नाव कमावले आहे.

मागच्या चाकांच्या लहान गाड्यांची यादी मात्र आखूड आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीची; तिच्याच कंपनीची ११८ एनई, जिच्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन होते; मारुतीच्या ओम्नी, ईको आणि जिप्सी; आणि मागे इंजिन असलेली टाटा नॅनो. जिप्सी गरज पडेल तेव्हा चारही चाकांवर चालते, पण एरवी ती मागच्याच चाकांवर धावते. तिच्यात तेच १२९८ सीसीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवलेले असल्याने तिचा गिअरबॉक्स मागच्या चाकांच्या मांडणीला योग्य ठरतो.

ओम्नीविषयी एक इशारा. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर अवघे १८४० मिलिमीटर आहे, पुढे बसणारी माणसे पुढच्या चाकांच्या वर असतात आणि गाडी उंच आहे. इतक्या आखूड गाडीचे मागचे चाक सुटले, तर ती सावरायला वेळच मिळत नाही. तिची ताकद वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. नॅनोच्या बाबतीत कंपनीनेच पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर दिले होते. मागचे वजन गाडीला गरकन फिरवू नये, हा त्यामागचा हेतू. चारही टायर एकाच मापाचे बसवून तो हेतू मोडू नका.

४. पकडीचे गणित स्वतः मांडा

गाडीप्रेमींच्या गप्पांमध्ये "रिअर-व्हीलला पिकअप चांगला" हे विधान सिद्धांतासारखे ऐकू येते. ते कुठे खरे आणि कुठे नाही, हे साध्या गणिताने कळते. त्यासाठी गाडीचे तीन आकडे लागतात: चालवणाऱ्या चाकांवर पडणाऱ्या वजनाचा हिस्सा, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर. यांत रस्त्याच्या पकडीचा चौथा आकडा मिळवायचा. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड सुमारे ०.८ आणि ओल्या रस्त्यावर सुमारे ०.५ धरावी.

गाडी वेग घेते तेव्हा वजन मागे सरकते. म्हणजे पुढच्या चाकांची पकड नेमकी ओढ देताना घटते आणि मागच्या चाकांची वाढते. उंची भागिले अंतर याला गुणोत्तर म्हणू. पुढच्या चाकांच्या गाडीसाठी पकड गुणिले पुढचा हिस्सा, भागिले (एक अधिक पकड गुणिले गुणोत्तर). मागच्या चाकांच्या गाडीसाठी पकड गुणिले मागचा हिस्सा, भागिले (एक वजा पकड गुणिले गुणोत्तर). उत्तर, म्हणजे चाक न सुटता मिळू शकणारे जास्तीत जास्त त्वरण, गुरुत्वत्वरणाच्या पटीत मिळते.

आता चालकासह ८२० किलोची गाडी घेऊ. चाकांतले अंतर २.३ मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच. पुढच्या चाकांच्या गाडीत ६२ टक्के वजन पुढे असते, असे धरू. पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेल्या गाडीत ४६ टक्के मागे.

कोरड्या रस्त्यावर पहिलीला सुमारे ०.४२ आणि दुसरीला ०.४५ मिळतात. फरक आहे, पण तो रोजच्या चालवण्यात जाणवेल इतका नाही. ओल्या रस्त्यावर पहिलीला ०.२८ आणि दुसरीला ०.२६. म्हणजे पावसात बाजी उलटते, कारण वेगच कमी मिळतो, म्हणून वजनही मागे कमी सरकते आणि इंजिनाखालची चाके वरचढ ठरतात. दोन्ही गाड्या बरोबरीत येतात ती पकड सुमारे ०.६८ च्या आसपास आहे. त्याच्या वर, म्हणजे चिकट शर्यती टायर लावून पकड १ पर्यंत नेली, की मागच्या चाकांची गाडी ०.५९ आणि पुढच्या चाकांची ०.५१ असा ठळक फरक पडतो. ड्रॅग शर्यतीत मागच्या चाकांचा आग्रह का धरतात, त्याचे उत्तर यात आहे. आणि हलकी मिनी पुढच्या चाकांवर धावून १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची बर्फाळ रॅली कशी जिंकू शकली, त्याचा एक भागही यातच आहे. नॅनोसारखी ६० टक्के वजन मागे असलेली गाडी या हिशेबात कोरड्यात ०.५८ आणि ओल्यात ०.३४ देते. केवळ पकडीच्या बाबतीत तिची मांडणी सर्वांत सरस आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

आता पायरी १ मधल्या माणसांकडे वळू. पुढच्या चाकांच्या गाडीत मागे तिघे बसले आणि डिकी भरली, तर पुढचा हिस्सा ५२ टक्क्यांवर येऊ शकतो आणि ओल्या रस्त्यावरचे उत्तर ०.२३ पर्यंत घसरते. मागच्या चाकांच्या गाडीत तोच भार मागचा हिस्सा ५६ टक्क्यांवर नेतो आणि उत्तर ०.३१ होते. आठात एक असा चढ यातले ०.१२ चढण्यातच खातो. आंबोलीच्या चढावर भर पावसात भरलेली मारुती ८०० जागच्या जागी चाक फिरवते आणि शेजारून सामानाने लादलेली ईको निवांत निघून जाते, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे कारण या आकड्यांत सापडेल. एकट्याने फिरणाऱ्यासाठी आणि कुटुंब घेऊन फिरणाऱ्यासाठी उत्तर वेगळे येते, ते असे.

हिस्सा अंदाजाने धरू नका. जवळच्या वजनकाट्यावर जा, आधी फक्त पुढची चाके फलाटावर घेऊन वजन करा आणि मग संपूर्ण गाडीचे करा. चालक जागेवर बसलेला असावा, टाकी अर्धी भरलेली असावी आणि फलाट व त्यापुढची जमीन एका पातळीत असावी. मोठ्या काट्यांवर आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने येतो, तेवढी चूक चालते.

५. इंजिन कोणत्या गिअरमध्ये चाक फिरवेल ते काढा

पकड ही मर्यादा झाली; इंजिन त्या मर्यादेला भिडते का, हा पुढचा प्रश्न. १०० न्यूटन-मीटर टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) इंजिन, पहिल्या गिअरमध्ये क्राउन-पिनियन (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) धरून फेऱ्यांत एकूण पंधरापट घट, चाकाची त्रिज्या २६.५ सेंटिमीटर आणि वाटेत दहा टक्के नुकसान धरले, तर चाकाशी सुमारे ५२० किलोचा रेटा मिळतो. कोरड्यात आपल्या पुढच्या चाकांच्या गाडीची मर्यादा सुमारे ३४६ किलो आहे. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाक नक्की फिरेल. दुसऱ्यात एकूण घट आठपट असेल तर रेटा २७७ किलो. कोरड्यात चाक धरून ठेवेल, पण ओल्यात मर्यादा सुमारे २३० असल्याने सुटेल. तिसऱ्यात पावसातही काही होणार नाही.

मूळ मारुती ८०० चा टॉर्क ६० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. तिच्यात हा हिशेब पहिल्या गिअरमध्येसुद्धा कोरड्या मर्यादेच्या आतच राहतो. अशा गाडीला मागच्या चाकांवर नेऊन पकड मिळवण्यात काही अर्थ नाही, कारण कोरड्या रस्त्यावर असलेली पकडच इंजिन पुरती वापरत नाही. दीडशे न्यूटन-मीटरच्या पुढे, टर्बो लावलेल्या इंजिनाच्या बाबतीत चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होते.

६. पुढच्या चाकांची गाडी निवडल्यास

पुढचे टायर एकाच वेळी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात. एका टायरकडे पकडीची जी शिदोरी असते, ती या तिन्हींत वाटली जाते. म्हणून वळणात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी बाहेर सरकते. उपाय करताना पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी) जाड करण्याचा मोह होतो. तो टाळा, त्याने पुढची पकड आणखी घटते. उलट मागचा भाग थोडा कडक करावा, पुढच्या चाकांना थोडा उणा कँबर (चाकाचा वरचा भाग किंचित आत कललेला) द्यावा आणि लोअर आर्मचे बुश नवे घालावेत. मागे टायरचा दाब एक-दोन पीएसआय वाढवून पाहणे हा फुकटचा प्रयोग आहे, पण तो कोरड्या, मोकळ्या जागीच करावा.

मागचा भाग कडक केलेल्या गाडीचा धोका असा की, वेगात वळत असताना घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला तर वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते. पुढच्या चाकांच्या गाडीला घसरण ठाऊकच नसते, हा समज खोटा आहे.

इंजिन मोठे केल्यावर तीन गोष्टी कुरकुरू लागतात. पहिली म्हणजे एक्सेलचे सीव्ही जॉइंट (चाक वळले तरी ताकद पोचवणारे सांधे). स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे गेल्यावर टक-टक आवाज आला तर बाहेरचा जॉइंट गेला, असे समजावे. दुसरी, इंजिन माउंटिंग: रबर फाटले असल्यास चाक पकडत-सुटत नाचू लागते आणि गिअर निसटतो. तिसरी म्हणजे जोर दिल्यावर स्टिअरिंग एका बाजूला खेचणे. डाव्या-उजव्या एक्सेलची लांबी असमान असल्याने हे होते. मध्ये आधाराचा शाफ्ट देऊन दोन्ही एक्सेल सारख्या लांबीचे करणे हा त्यावरचा पक्का उपाय आहे. जुने बुश बदलल्यानेही निम्मा त्रास कमी होतो.

एवढे झाल्यावर पैसे उरले तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक फुकट फिरू लागले तरी दुसऱ्याला जोर देणारे) घ्या. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणातले आतले, हलके झालेले चाक फुकट फिरत राहते आणि बाहेरच्या चाकाला जोर मिळत नाही. घाटातल्या आवळ वळणावरून निघताना याचा प्रत्यय येतो. हेलिकल गिअरचा प्रकार रस्त्यावरच्या गाडीला बरा. प्लेटचा प्रकार स्टिअरिंगला झटके देतो आणि त्याची देखभालही जास्त असते. डिफरन्शियल वेल्डिंग करून जाम करण्याची शक्कल पुढच्या चाकांच्या गाडीत अजिबात करू नका.

७. मागच्या चाकांची गाडी निवडल्यास

इथे समतोल मिळतो, स्टिअरिंग निर्मळ राहते आणि वळणातून निघताना गाडीचा कल पायाने ठरवता येतो. हा आनंद खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. मात्र तो फुकट मिळत नाही.

पद्मिनी आणि जिप्सीसारख्या गाड्यांत मागचा एक्सेल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टांगलेला असतो. ताकद वाढली की जोर देताना पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळले जातात, मग सुटतात, पुन्हा पिळले जातात आणि मागून धडधड सुरू होते. त्यासाठी एक्सेल आणि सांगाडा यांच्यात पट्टी द्यावी लागते. आडवे सरकणे रोखण्यासाठी पॅनहार्ड रॉड लावतात. ही दोन्ही कामे सांगाड्याला वेल्डिंग मागतात. जागा गंजलेली असेल तर पत्रा नवा घातल्याशिवाय हात लावू नका.

प्रोपेलर शाफ्टकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वेगळा गिअरबॉक्स बसवला की शाफ्टची लांबी बदलते आणि शाफ्ट कापून जोडावा लागतो. जोडल्यावर तो मशीनवर बॅलन्स करून घेणे अत्यावश्यक आहे. ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करणारी दुकाने हे काम करतात. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे असले पाहिजेत, नाहीतर ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि लोक विनाकारण चाकांचे बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून घेतात. शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती लोखंडी कडे लावून घ्या. पुढचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट जमिनीत रुतला, तर गाडी मागून उचलली जाते. कड्याला लागणारा खर्च त्यापुढे काहीच नाही.

बहुतेक पद्मिनींना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताकद वाढवण्याआधी पुढे डिस्क बसवण्याचा विचार करा आणि मागच्या ब्रेकचा दाब नव्याने जुळवून घ्या. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ राहत नाही.

पहिल्या पावसाच्या दिवसांत जास्त सांभाळून चालवा. धूळ आणि तेलाचा थर भिजून रस्ता निसरडा होतो, आणि वळणात दुसऱ्या गिअरमध्ये दिलेला थोडासा जास्तीचा जोरही शेपूट फिरवायला पुरतो. घसरू लागल्यावर ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने फिरवावे आणि पाय हळूहळू सैल करावा. हे वाचून येत नाही. मोकळ्या, खासगी जागेत पाणी मारून सराव करा.

८. रूपांतराचा मोह आणि त्यातली मधली वाट

तरीही पुढच्या चाकांची गाडी मागच्या चाकांवर नेण्याची हौस असेल, तर ती फक्त शर्यतीच्या, ट्रकवरून न्यायच्या गाडीपुरती ठेवा. झेनचा फ्लोअर कापून प्रोपेलर शाफ्टचा बोगदा तयार करण्यापेक्षा एक सोपी रचना उपलब्ध आहे: इंजिन आणि गिअरबॉक्सचा संपूर्ण संच उचलून मागच्या सीटच्या जागी बसवणे. भारतातल्या फॉर्म्युला एलजीबी या एकासनी शर्यती गाड्यांत स्विफ्टचे इंजिन याच तत्त्वावर चालकाच्या मागे असते. यात शाफ्ट लागत नाही, पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या लांब नळ्या, गिअर लिंकेज, पेट्रोलची टाकी, इंजिन व चालक यांच्यातली आगरोधक भिंत आणि मागच्या चाकांची स्टिअरिंग नसलेली नवी मांडणी एवढे सगळे करावे लागते. मागच्या चाकांचे टो-लिंक (चाकांची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्या) थोडे जरी लवचिक राहिले, तरी गाडी सरळ रस्त्यावर स्वतःहून वळू पाहते. फॅब्रिकेशनचा अनुभव नसलेल्याने इथपर्यंत येऊ नये.

९. गाडी पाहायला जाताना

सोबत न्यायच्या वस्तू: विजेरी, चुंबक, टायर प्रेशर गेज, जॅक आणि स्टँड, मोजपट्टी, जुने कपडे. चुंबक पुटीने भरलेला पत्रा दाखवतो.

पुढच्या चाकांच्या गाडीत स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअपच्या खांबाचे) वरचे टोक जिथे बसते तो पत्रा, लोअर आर्मची बैठक, सीव्ही बूट आणि गिअरबॉक्सचे गळणारे सील पाहा. मागच्या चाकांच्या गाडीत पाट्यांचे मागचे हँगर, एक्सेलच्या हौसिंगवरचे वेल्डिंग, क्रॉसमधला खेळ आणि क्राउन-पिनियनचा आवाज तपासा. चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर निघणारी रडकी शिटी वेगवेगळी ऐकू आली, तर पिनियन झिजले आहे. पद्मिनीचे क्राउन-पिनियन पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावे लागते. मिळाले तरी ते जोडी म्हणूनच घ्या. एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन कधीही जुळत नाही.

१०. काम कोणत्या क्रमाने काढावे

ब्रेक, टायर, बुश आणि शॉकअप आधी, डिफरन्शियल त्यानंतर, इंजिन सर्वांत शेवटी. गॅरेजमध्ये हा क्रम हमखास उलटा सुचवला जातो, कारण इंजिनाचे काम डोळ्यांत भरते आणि बिलही तेच मोठे होते. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी नेहमीच्या त्याच रस्त्यावर चालवून बदल वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही. वेल्डिंग केलेले सांधे, एक्सेलचे नट, शाफ्टचे बोल्ट आणि यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या आणि त्यानंतरच गाडी वेगात काढा.